नऊ प्रकारचा बोकड

परंड्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी दैवशाला फार बोलत नसे, पण जे बोले ते नेमकं बोले. नेमकं बोलणाऱ्या माणसाची घरात काय किंमत असते हे तिला लहानपणीच कळलं होतं. आई चुलीपासून उठताना म्हणायची, "भात शिजला का बघ गं." दैवशाला झाकण काढून बघायची आणि सांगायची, "वरचा शिजलाय. खालचं सांगता येत नाही." पुढं पुढं आई भाताचं शेजारणीला विचारू लागली.

एवढं शास्त्र शिकल्यावर घराला त्याचा पहिला ठळक उपयोग झाला तो असा, की घरचा बोकड काढून टाकायची वेळ आली.

सोनारी या गावी तिच्या वडिलांचा, श्रीमंतआण्णांचा, शेळ्यांचा कळप होता. त्या कळपाचा बोकड म्हणजे जमादार. तव्याच्या बुडासारखा काळा, मागं वळलेली शिंगं, आणि लांब लोंबत्या कानांवर पांढरे ठिपके, जणू पीठ चाळताना कुणीतरी शिंकलं होतं. त्याची आई विताना मेली, म्हणून दैवशालाच्या आईनं, गजराबाईनं, त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला. त्यामुळं तो स्वतःला शेळ्यांत धरत नसे, घरच्या माणसांत धरे. पाहुणे आले की ओसरीवर येऊन उभा राही आणि पाहुण्यांनी ओळख दिल्याशिवाय हलत नसे.

एका शनिवारी सोनारीला आलेल्या दैवशालानं जुन्या कॅलेंडरच्या पानामागं वंशावळीची आकृती काढून आण्णांना समजावलं. एकच बोकड फार काळ कळपात ठेवला तर त्याच्याच लेकी त्याच्यापुढं येतात, आणि मग करडं अशक्त निपजतात. जमादारच्या पहिल्या लेकी आता माजावर यायला लागल्या होत्या. तेव्हा जमादार बदलायला हवा.

आण्णांनी आकृती सरळ धरून पाहिली, उलटी धरून पाहिली.

"हे आमच्या आज्ज्यालाबी ठावं हुतं," ते म्हणाले. "त्यानं कॅलेंडर न्हवतं फाडलं."

जमादारला जावं लागणार हे आण्णांच्याही मनात होतंच. फक्त ते कुणी बोलत नव्हतं. आता बोललं गेलं, आणि बोलणारी दैवशाला ठरली. जायचं कुठं, तर वाटा दोनच. एक बाजाराची. व्यापारी येऊन बघून गेला होता आणि उद्याचा रविवार सोडून पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला होता. बाजारातून बोकड कुठं जातो ते सांगायला नको. दुसरी वाट धाराशिवची. तिथल्या एका शेळीपालक संघाचा मोठा गोठा होता. संघ दरवर्षी पैदाशीसाठी एक बोकड निवडून घेई. गावोगावच्या शेळ्या त्याच्याकडं येत आणि तो बोकड म्हातारा होऊन सुखानं मरे. मागल्या वर्षी निवडीसाठी सगळ्यांनी बोकड एकत्र आणले आणि निम्मे बोकड घरी जाताना खोकत गेले. म्हणून यंदा संघानं नियम काढला होता की जनावर आणायचं नाही, पेन ड्राइव्हवर पाच मिनिटांच्या आतला व्हिडिओ आणायचा. त्यात चाल, बांधा, कान, शिंगं आणि दात दिसले पाहिजेत. निवड शुक्रवारी.

गजराबाईनं नियम ऐकला आणि लेकीकडं वळून म्हणाली, "तुझ्या शिकण्याचा मला आजवर काई उपेग झाला न्हाय बग. येवढा येक बोकड वाचीव."

एवढी साधी, एवढी नेमकी मागणी दैवशालाकडं आजवर कुणी केली नव्हती.

कॉलेजच्या स्टाफमध्ये सगळ्यात महागडा फोन तिचा होता आणि ती त्यावरून फक्त घरी बोलत असे. आता तिनं त्याच्या कॅमेऱ्याची एकेक कळ वाचून काढली. चित्राचा आकार सगळ्यात मोठा ठेवला. रंगांच्या छटा सगळ्यात जास्त ठेवल्या, कारण काळ्या बोकडाच्या काळ्यातही फरक असतात. आणि चित्र साठवायची रीत निवडली एचईव्हीसी. त्या नव्या रीतीनं जुन्या रीतीपेक्षा निम्म्या जागेत तितकंच स्वच्छ चित्र मावतं हे तिनं वाचलं होतं. काही माणसं एखाद्या बुवाबद्दल जसं बोलतात तसं दैवशाला एचईव्हीसीबद्दल बोलत असे. फरक एवढाच, की ऐकणारं कुणी नसे.

शूटिंग दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी झालं. सावली मोडायला तिनं थर्माकोलचा मोठा पांढरा पत्रा आणला होता. तो उभा करताच देवळाकडून आलेल्या माकडानं उचलला आणि लिंबाच्या झाडावर नेऊन शांतपणे त्याचे तुकडे केले. मग आण्णांचं धुतलं धोतर वाळत घातलेलं होतं, त्याचाच उजेड घ्यावा लागला. जमादार उत्तम चालला. बांधा दाखवताना पुतळ्यासारखा उभा राहिला. कान तर त्यानं असे हलवले की एकेक ठिपका मोजून घ्यावा. दाताशी गाडं अडलं.

आण्णांनी जमादारचा ओठ वर केला आणि अंगठा नेमका दातांवर ठेवला.

"आण्णा, अंगठा काढा. दात झाकले जातायत."

"दिसतेत की."

"तुम्हाला दिसतात. कॅमेऱ्याला नाही."

"कॅमेऱ्याला कशाला पायजेत बोकडाचे दात? त्यो काय हुरडा चारनार हाय का त्याला?"

"नियमात आहे."

आण्णांनी अंगठा इवलासा सरकवला. दैवशालानं पुन्हा घेतलं. अंगठा पुन्हा आला. तिसऱ्या वेळी तिनं फोन खाली ठेवला, स्वतः जाऊन वडिलांचा अंगठा धरून बाजूला केला आणि धोतराचा उजेड दातांवर पाडला. आण्णांचं तोंड उतरलं. ऊन झालंय, दैवशालाला वाटलं.

सोमवारी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर तिनं व्हिडिओ लावला. शेजारी कॉम्प्युटर शिकवणारे बसवेश सर येऊन बसले. पडदा काळाच राहिला. त्या अंधारातून आण्णांचा आवाज आला, "ह्यो आमचा जमादार," आणि पाठोपाठ जमादारचाही.

"मॅडम," बसवेश सर म्हणाले, "आण्णा येतेत, बोकड येत न्हाय."

"घडी उघडत नाहीये."

"कसली घडी? फाइल एमपी४च हाय की. चालायलाच पायजे."

"एमपी४ हा नुसता डबा आहे," दैवशाला म्हणाली. आता तिला बोलायला विषय मिळाला होता. "आमच्या आईच्या मांडणीवर 'साखर' लिहिलेला डबा आहे. त्यात कायम हळद असते. डब्यावर काय लिहिलंय त्यावरून आत काय आहे ते कळत नाही. तसं एमपी४च्या डब्यात चित्र कुठल्या रीतीनं घडी घालून भरलंय ते नावावरून कळत नाही. त्या घडीच्या रीतीला कोडेक म्हणतात. आवाजाची घडी वेगळी, चित्राची वेगळी. ह्या कॉम्प्युटरला आवाजाची उघडता येते. चित्राची नवी आहे, ती त्याला कुणी शिकवलीच नाही."

"मग व्हीएलसी टाकू. ते कसलीबी घडी उघडतंय."

"इथं तुम्ही टाकाल. धाराशिवच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवर कोण टाकणार?"

"मग त्यांना फोन करून विचारा, की तुमच्याकडं काय चालतंय बाबा."

हा उपाय इतका सोपा होता की दैवशालाला तो ऐकूच आला नाही. खरं सांगायचं तर ऐकू आला होता. पण अनोळखी माणसाला फोन करायचं ती होता होईल तो टाळे. त्यापेक्षा जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर चालेल असं उत्तर काढणं तिला सोपं वाटलं.

तिनं ते काढायला घेतलं. ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं. त्यानं व्हिडिओ उघडायलाच नकार दिला, पण फुकटात वापरता येणाऱ्या एका रीतीनं घडी बदलल्यावर तो आनंदानं चालला. तीच फाइल स्टाफरूममधल्या टीव्हीला लावली तर टीव्ही म्हणाला, असलं काही मी पाहिलेलं नाही. मग तिनं एच२६४ ही जुनी, सगळ्यांच्या ओळखीची रीत घेतली. टीव्हीनं ती उघडली, आणि स्टाफरूमच्या भिंतीवर हिरव्या-जांभळ्या पट्ट्यांचा जमादार उभा राहिला. चहा पिणाऱ्या मराठीच्या बाई दचकून म्हणाल्या, "हे काय शिकवता हो तुम्ही मुलांना?"

रीत बरोबर होती, रंगाच्या छटा जास्त होत्या. जुन्या यंत्रांना रंगाच्या साध्याच छटा समजतात. दैवशालानं छटा साध्या केल्या, चित्राचा आकार निम्मा केला, आवाज नेहमीच्या एएसी रीतीनं भरला, आणि ती फाइल सगळीकडं चालली. प्रयोगशाळेत, ग्रंथालयात, टीव्हीवर, बसवेश सरांच्या काच तडकलेल्या फोनवरसुद्धा.

"झालं की मग," बसवेश सर म्हणाले. "ही येकच न्या."

इथं गोष्ट संपायला हवी होती. दुसरी कुणी असती तर संपलीही असती. पण दैवशालानं चित्र मोठं करून जमादारचा कान पाहिला आणि तिचा चेहरा पडला.

"डाव्या कानावरचे दोन ठिपके एकमेकांत मिसळलेत."

"त्याला काय ठिपक्यांवर नोकरी देनारेत का मॅडम?"

पण तिचं मन घेईना. मूळ चित्रात केस न् केस सुटा दिसत होता. तो सोडून ही मळकी प्रत न्यायची? आणि हॉलमधला कॉम्प्युटर नवा असला तर? मग तिनं दोन्ही न्यायचं ठरवलं. दोन्ही न्यायच्या तर मधल्याही नेल्या तर बिघडलं कुठं? गुरुवार संध्याकाळपर्यंत पेन ड्राइव्हवर नऊ फायली झाल्या. सगळ्यात उत्तम ती पहिली, त्याहून जरा उणी ती दुसरी, असं करत करत सगळीकडं चालणारी ती नववी. नववीला तिनं नाव दिलं 'तडजोड'. नाव प्रामाणिक होतं. शिवाय बघणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून 'आधी हे वाचा' अशी एक दहावी फाइल. ती लिहिताना तिला फार समाधान वाटलं. वर्गात मुलांनी प्रयोगाच्या वहीत इतकं व्यवस्थित लिहिलं असतं तर तिनं पूर्ण गुण दिले असते.

शुक्रवारी बापलेक बार्शीवरून धाराशिवला गेले. पेन ड्राइव्ह आण्णांनी कोपरीच्या आतल्या खिशात ठेवला होता, जिथं ते तंबाखू ठेवत. दैवशालानं ते पाहिलं आणि बार्शीपर्यंत ती तंबाखूच्या कणांचा विचार करत राहिली.

हॉल भरला होता. पुढं टेबलाशी तीन परीक्षक. मधले डॉक्टर गुरुसिद्धप्पा, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले जनावरांचे डॉक्टर, भुवया पांढऱ्या, आवाज खणखणीत. कॉम्प्युटरवर संघाची मोनिका बसली होती आणि प्रत्येकाचा पेन ड्राइव्ह घेऊन भिंतीवर व्हिडिओ दाखवत होती.

उमरग्याकडच्या एका माणसानं फोन आडवा धरायच्या जागी उभा धरला होता, मग मध्येच आडवा केला होता. त्याचा बोकड अर्धा वेळ भिंतीवर चढल्यासारखा दिसला. वर बँडबाजाचं गाणं. पण पहिल्या टिचकीला चालला. तिघंही परीक्षक माना खांद्यावर टाकून बघत होते.

"बांधा बरा हाय," डॉक्टर तशाच मानेनं म्हणाले. "पुढचा."

दैवशालाला त्या माणसाची कीव आली. ही कीव पुढं तिला फार दिवस आठवत राहिली.

"सोनारी," मोनिकानं पुकारलं. आण्णांनी तंबाखू झटकून पेन ड्राइव्ह दिला. मोनिकानं पडद्याकडं पाहिलं. "सर, ह्यात नऊ व्हिडिओ हायत."

"किती बोकड लावलेत हो आण्णा?" डॉक्टरांनी विचारलं. "नियम एकाचा हाय."

आण्णा उठून उभे राहिले. "येकच हाय साहेब."

"मग नऊ कशापायी?"

आण्णांनी लेकीकडं पाहिलं. सगळ्या हॉलनं पाहिलं. दैवशाला उभी राहिली आणि जे खरं होतं ते बोलली.

"बोकड एकच आहे. नऊ प्रकारचा."

हॉलमध्ये हसू फुटलं. मोनिकानं पहिली फाइल उघडली. उघडता येत नाही अशी पाटी आली. दुसरी उघडली. भिंत काळी झाली आणि काळोखातून आण्णा बोलले, "ह्यो आमचा जमादार," आणि जमादार ओरडला.

"आवाजाला चांगलाय!" मागून कुणीतरी म्हणालं.

तिसरीत पट्ट्यांचा जमादार आला, हिरवागार.

"आयला, ह्यो तर हिरव्या चाऱ्यावर वाढलाय!"

मोनिका गोंधळली आणि तिनं 'आधी हे वाचा' उघडली.

"वाच," डॉक्टर म्हणाले. "मोठ्यानं वाच."

मोनिकानं वाचलं, "सूचना पहिली. सर्व प्रतींतील बोकड एकच आहे." हसू थांबेपर्यंत ती थांबली. "सूचना दुसरी. प्रत एक सर्वोत्तम आहे. ती न दिसल्यास प्रत दोन पाहावी. केवळ आवाज आल्यास तो दोष बोकडाचा नसून यंत्राचा समजावा."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "आन् शेवटपर्यंत काईच दिसलं न्हाय तर?"

मोनिकानं खालपर्यंत पाहिलं. "ते लिवलेलं न्हाय सर."

दैवशालाचे कान तापले होते. आपण लिहिलेलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं ही किती कठीण परीक्षा असते ते तिला आता कळलं. पण शेजारी आण्णा फेट्याच्या शेमल्यानं तोंड पुसत होते आणि घरी आई फोनकडं डोळे लावून बसली होती. ती उठली, सगळ्यांच्या मधून चालत मोनिकापर्यंत गेली.

"नववी लावा."

"नववीचं नाव 'तडजोड' हाय मॅडम. मला वाटलं ती वंगाळ आसंल."

"तीच लावा."

एका टिचकीत जमादार भिंतीवर आला. सकाळचं कोवळं ऊन, काळी कुळकुळीत पाठ, मागं लिंबाचा बुंधा. जमादार चालला तेव्हा त्याच्या खांद्याखालचा एकेक स्नायू हललेला दिसला. तो वळला आणि कान हलवले. "अबबब," कुणीतरी हळूच म्हणालं. ते मिसळलेले दोन ठिपके कुणाच्याही ध्यानात आले नाहीत. दैवशालानं मागं वळून आण्णांकडं पाहिलं. आण्णा मात्र भिंतीकडं बघत नव्हते, आपल्या चपलांकडं बघत होते.

मग दात आले.

"थांब," डॉक्टर म्हणाले. "मागं घे. आनखी. हां, इथंच."

भिंतीवर जमादारचं तोंड हातभर मोठं होऊन थांबलं. डॉक्टर खुर्चीतून उठले, जवळ गेले आणि बोटानं दाखवलं. "शेळीला वरचे पुढचे दात नसतेत, नुसती हिरडी असती. खालचे दात बरोबर तिच्यावर टेकायला पायजेत. हे बघा. इवलेसे पुढं आलेत. खालचा जबडा पुढं हाय. असल्याला चारा नीट तोडता येत न्हाय, आन् हे करडांत उतरतंय." ते मागं वळले. "बोकड देखणा हाय आण्णा, लई देखणा. पर पैदाशीला चालनार न्हाय."

दैवशाला तिथंच उभी राहिली. त्या दातांचं चित्र तिनं चारपट मोठं करून पाहिलं होतं, आठपट करून पाहिलं होतं. दातांची कड किती रेखीव आली आहे, घडी घालताना ती फाटली तर नाही ना, हे प्रत्येक प्रतीत तपासलं होतं आणि समाधानानं मान हलवली होती. ती कड कुठं आहे हे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

ती जागेवर येऊन बसली. आण्णा तिच्या कानाशी वाकले.

"ठावं हुतं मला."

"काय?"

"जबड्याचं. करडू हुता तवापासून ठावं हाय."

"मग बोलला का नाहीत आण्णा?"

"म्हनलं, व्हिडिओत दिसायचं न्हाय. कुनाच्या दिसतंय? बग की, समद्यांचं कसं वाकडंतिकडं येतंय. तू येवढं साफ काढशील आसं कुटं वाटलं हुतं मला?" ते जरा थांबले. "आन् म्या अंगठा ठिवला हुता की."

दैवशालाला हसावं का रडावं कळेना. जमादारला वाचवायला वडिलांनी नेमकी युक्ती केली होती, आणि तिनं स्वतःच्या हातानं, उजेडबिजेड पाडून, ती बाजूला सारली होती. व्यापारी परवा टेम्पो घेऊन येणार होता.

पुढचा पेन ड्राइव्ह लावायला मोनिका उठली. तेवढ्यात आण्णा पुन्हा उभे राहिले. ह्या वेळी त्यांनी हात जोडले होते.

"साहेब, येक इचारू का?"

"बोला."

"आमची वस्ती डांबरी सडकंच्या कडंला हाय. ह्यो पुढं आसला की गाडी दिसल्यावर थांबतोय, आन् त्याच्या मागं कळप थांबतोय. म्या शिकवलं न्हाय, त्याचं त्यो शिकला. माज्यानं आता शेळ्यामागं पळवत न्हाय. गुडघे गेले. म्हनून इचारतो," आण्णांनी घसा साफ केला, "खच्ची केल्यावर ह्ये इसरंल का त्यो?"

हॉलमध्ये पुन्हा हसू उसळायच्या बेतात होतं, पण डॉक्टरांनी हात वर केला.

"सडक डोक्यात असती आण्णा," ते म्हणाले. "तिकडं न्हाय."

मग मात्र सगळे हसले. आण्णा हसले नाहीत आणि दैवशालाही हसली नाही. ती मनातल्या मनात तपासत होती. खच्ची केला तर त्याच्या लेकींचा प्रश्न मिटला. जबडा करडांत उतरायचा प्रश्न मिटला. तो कळपात राहू शकतो, म्हातारा होईपर्यंत. आकृती तिनंच काढली होती, आणि त्या आकृतीत हे उत्तर पहिल्या दिवसापासून होतं. फाइलीसाठी तिनं नऊ वाटा शोधल्या होत्या. बोकडासाठी दोनच.

"फुकट खाईल म्हनून लोक ठिवत न्हाईत," डॉक्टर म्हणाले. "पर तुमचा तर चाकरी करतोय. ठेवा. बुधवारी म्या परंड्याकडं येनारच हाय, करून देतो. आन् नवा बोकड संघाकडून घ्या. जमादारच्या करडांचे जबडे तेवढे बघू, चुकीची बाजूला काढू."

आण्णा खाली बसले. बसताना गुडघा वाजला.

"जमादाराची नोकरी ऱ्हायली," ते लेकीला म्हणाले. "हुद्दा गेला."

निघताना डॉक्टरांनी दैवशालाला दारात गाठलं. "बाई, तो शेवटचा व्हिडिओ आमच्याकडं ठेवून घेऊ का? शेळीवाल्यांच्या शिबिरात दाखवायला. जबड्याचा दोष इतका स्पष्ट दाखवणारं चित्र आमच्यापाशी एकबी न्हाय. पुस्तकात तर नुसती रेघोट्यांची आकृती असती."

"घ्या," दैवशाला म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या नेमकेपणाचं तोंड भरून कौतुक केलं होतं. जमादार संघात दाखल झाला होता, कसा बोकड घेऊ नये ते शिकवायला.

बाहेर रसवंतीच्या सावलीत आण्णा म्हणाले, "व्यापाऱ्याला फोन लाव. ऐतवारी येऊ नगं म्हन."

दैवशालानं फोन आण्णांपुढं धरला. "तुम्ही बोला ना."

"तूच बोल. म्या बोललो तर घासाघीस करतोय समजंल त्यो."

तिनं फोन लावला. व्यापाऱ्यानं कारण विचारलं, दुसरं गिऱ्हाईक लागलं का विचारलं. दैवशालानं जबडा, हिरडी आणि खालचे दात यांचा संबंध सांगायला सुरुवात केली. ती पिढ्यांपर्यंत पोचली तेव्हा पलीकडून व्यापारीच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ताई, ऱ्हाऊ द्या. न्हाय येत म्या," आणि त्यानं फोन ठेवला.

मग तिनं आईला लावला. पहिल्या घंटीलाच उचलला गेला.

"घेतला का गं त्याला?"

"नाही घेतला, आई. पण विकायचाही नाही. घरीच राहणार."

"म्हंजी कसं?"

दैवशालानं सांगितलं. ह्या वेळी तीन वाक्यांत सांगितलं.

"बुधवारी व्हय?" आई म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "येताना भुईमुगाचा पाला मिळाला तर आन. त्येला आवडतोय. बुधवारपासनं त्येला कायबी ग्वाड लागायचं न्हाय."

बाजाराच्या कडेला पाला मिळाला. बार्शीला गाडी बदलताना पेंढी अजूनच फुगली, आणि परंड्याच्या गाडीत ती ठेवायला कुठं जागाच नव्हती. दैवशालानं ती मांडीवर घेतली. पानं तिच्या नाकात जात होती, माती साडीवर सांडत होती. आण्णा शेजारी डोळे मिटून बसले होते आणि मध्येच स्वतःशी हसत होते. कंडक्टर येऊन उभा राहिला, पेंढीच्या वरून त्यानं आत कोण आहे ते वाकून पाहिलं.

"दोन परंडा," दैवशाला पाल्याआडून म्हणाली.

"आन् मांडीवरच्याचं?"

"हा पाला आहे."

"ते दिसतंय हो बाई," कंडक्टर म्हणाला. "पूर्न का हाफ, ते इचारतोय."